मधला स्पीकर

शिंदखेडा,
रविवार, १ मार्च

नईमभाई,

हे वाचताय म्हणजे पाकीट फोडलंत. तेवढ्यासाठी आभारी आहे. फोनवर तुम्ही मला बंद केलं आहे, हे मी चार वेगवेगळ्या दिवशी तपासून पाहिलं, म्हणून पोस्टाने लिहितो. चाळीसगावचा पत्ता तुमच्या अम्मींनी, खातूनचाचींनी दिलेला नाही, त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही आता ज्यांच्याकडे आहात त्या शालिग्राम शेठच्या मंडपाच्या बिलावर तो छापलेला आहे.

बातमी चांगली आहे. आपली 'बेबाबाईना झोका' ही फिल्म मुंबईच्या एका चॅनेलने घेतली. सव्वीस मिनिटं, एकही मिनिट न कापता. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीच्या दिवशी, १९ एप्रिलला, सकाळी अकरा वाजता दाखवणार आहेत. मागच्या आखाजीला आपण दोघं कडुनिंबाखाली उन्हात उभे होतो, तुम्ही झोक्याच्या दोराला माईक बांधला होता आणि झोक्यावर गाणाऱ्या बेबाबाई तुम्हाला 'दोर तुटना तं तुले टांगसू' म्हणाल्या होत्या, ते सगळं टीव्हीवर.

त्यांना साधी फाईल चालत नाही. मास्टर लागतो, म्हणजे जशीच्या तशी प्रसारित करता येईल अशी फाईल. आधी रंगपट्टे आणि एकसुरी शिट्टी, मग काळा पडदा, मग ठरलेल्या सेकंदाला पहिलं चित्र. आवाजाचे आठ ट्रॅक. त्यांची चौदा पानी नियमावली मी तीनदा वाचली आणि जिथे कळलं नाही तिथे पेन्सिलने खूण केली. बारावी नापास माणसाला चौदा पानं पुष्कळ झाली. घरच्या कॉम्प्युटरवर मास्टर निघायला तीन तास दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ आईला मिक्सर लावू दिला नाही. फ्रीजसुद्धा बंद ठेवला, लाईटचा भरवसा नको. काल हार्ड डिस्क कुरिअरने गेली.

तुमची कुठलीही सही किंवा कागद लागणार नाही, तशी सोय मी केली आहे. तुम्हाला कसलाही त्रास नाही.

जळगावच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली त्या दिवशी पडद्यावर बायका गात राहिल्या आणि गाणं ऐकूच आलं नाही, त्यात कोणाचं काय चुकलं हा विषय मी काढत नाही. एखादी वायर ढिली राहिली असेल. होतं कधी.

मी आता लग्नांचा साऊंड तोतारामबरोबर करतो. मागच्या भोंग्याजवळ उभा राहिलो की अजून हात फोनकडे जातो. आपली खूण: एक रिंग देऊन बंद, म्हणजे मागे आवाज आला. दोन रिंगा, म्हणजे नाही आला. तोतारामला हे समजत नाही. एक रिंग दिली की तो उलट फोन करतो आणि 'काय झालं?' विचारतो.

बेबाबाई विचारत होत्या, तो माईकवाला कोठे शे. मी म्हटलं, कामात आहेत.

जितू


शिंदखेडा,
गुरुवार, १२ मार्च

नईमभाई,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. हे पत्र त्याच्यासोबत ठेवू नका. त्यातलं वायरीचं वाक्य खोटं निघालं.

मास्टर परत आला. चॅनेलवर ज्योत्स्ना मॅडम म्हणून आहेत, फाईली तपासतात. त्यांच्या अहवालात सात ओळी होत्या. सहा किरकोळ. सातवी अशी: 'ट्रॅक १ व २ मध्ये गायन व संवाद नाहीत.'

मी चिडलो. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं ऐकू येत होतं. मॅडमला फोन केला, म्हटलं, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी असेल. त्या म्हणाल्या, "जितेंद्र, बाकीचे सगळे ट्रॅक बंद करा, फक्त पहिले दोन चालू ठेवा, आणि ऐकून मला सांगा. मी फोन धरते."

मी तसं केलं. दोराचा करकर आवाज आला. निंबाची पानं. लांबवर शेळीच्या गळ्यातली घंटा. कोणाच्या तरी बांगड्या. पडद्यावर बेबाबाईंचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यांचा आवाज नव्हता.

जळगावच्या हॉलमध्ये ऐकू आलं होतं ते हेच. तसंच्या तसं.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लिहून काढल्याशिवाय मला झोप येणार नाही. मी सहा बाजूंचा आवाज केला होता. झोका डावी-उजवीकडून मागे जातो, तसा आवाज फिरला पाहिजे म्हणून. गाणं सगळं मधल्या स्पीकरला ठेवलं, तिसऱ्या ट्रॅकवर. डाव्या-उजव्याला फक्त दोर आणि पानं. माझा कॉम्प्युटर हुशार, तो सहाचे दोन स्वतःच करून ऐकवतो, मधलं दोन्हीकडे वाटून देतो. म्हणून घरी गाणं कायम आलं. हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या पेटीला पेन ड्राईव्ह लावला, ती पेटी पहिले दोन ट्रॅक घेते आणि बाकीचे सोडून देते. तुमच्या मिक्सरपर्यंत गाणं पोचलंच नाही. तुम्ही दोन मिनिटांत येऊन सांगितलं होतं, "पेटी मेंसेच आवाज नहीं आ रहा, जितू. फाईल देख." मी फाईल बघितली नाही.

आणि हॉलच्या मागच्या भिंतीपासून तुमच्या दोन रिंगा आल्या. थांबून परत दोन. परत दोन. मी फोन बंद करून खिशात ठेवला.

सहा स्पीकर ऐकायला आपल्याकडे सहा स्पीकर तरी होते का, हा प्रश्न मला आज पडला.

जितू


शिंदखेडा,
रविवार, १५ मार्च

नईमभाई,

काल बेबाबाईंकडे गेलो होतो, नरडाण्याच्या अलीकडे त्यांचं गाव, तुम्हाला माहीतच आहे. त्या शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ट्रॅक, पेटी, मधला स्पीकर. त्यांना काय कळलं माहीत नाही. जळगावला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि अर्ध्यातून उठून मोठ्याने म्हणाल्या होत्या, "मन्हं तोंड हाली राह्यनं, अन् गाणं काय दोर म्हनी राह्यना?" लोक हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

कालही नाही हसल्या. म्हणाल्या, "तुन्ही चूक व्हती?"

"हो."

"मंग माले काय सांगस? ज्याले बोलना त्याले सांग." आणि माझ्यासमोर सूप सरकवलं. मी शेंगा फोडत बसलो. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हॉलमां तू बोलना ते बठ्ठं माले आयकू उनं व्हतं. तेवढंच आयकू उनं."

हॉलमध्ये मी बोललो तेवढंच त्यांना ऐकू आलं होतं, म्हणून आता ते सगळं लिहितो.

माझ्या हातात माईक होता. प्रस्तावना मी केली होती, तो अजून हातातच होता. तुम्ही म्हणालात फाईल बघ, आणि मी म्हटलं, "घरी आवाज येतो. इथे येत नाही. इथे तुम्ही आहात." शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं ते. त्या दिवशी हॉलमध्ये तेवढाच एक माईक नीट चालत होता, कारण तो तुम्ही लावलेला होता.

तुम्ही वायरी गुंडाळल्या, प्रत्येक वायरीला तुमची ती गाठ मारली, आणि गेलात. महिन्याभरात धुळ्याचं साऊंडचं दुकान बंद केलंत. ते माझ्यामुळे की चाळीसगावच्या कामामुळे, हे मी विचारत नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटते.

अजून एक. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, सही लागणार नाही, तशी सोय केली आहे. ती सोय अशी. जळगावहून आल्यावर त्याच आठवड्यात मी नामावलीतून 'ध्वनिमुद्रण: नईम पिंजारी' ही ओळ काढली. मोकळी जागा दिसू नये म्हणून खालच्या दोन ओळी वर सरकवल्या. चॅनेलचा नियम आहे, नामावलीत ज्याचं नाव त्याची सही केलेली संमती हवी. नाव नाही, तर सही नाही. ज्योत्स्ना मॅडमनी विचारलं होतं, ध्वनिमुद्रण कोणाचं? मी म्हटलं, माझंच.

आज सकाळी त्यांना फोन करून खरं सांगितलं. रविवार असूनही त्यांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव घाला. पण मग त्यांची सही आणि दुरुस्त मास्टर, दोन्ही शनिवार, ४ एप्रिलपर्यंत माझ्याकडे पाहिजेत. नाहीतर आखाजीला त्या जागी दुसरं काहीतरी लावावं लागेल."

नाव न घालता पाठवलं तर उद्याही घेतील. तसं मी पाठवणार नाही. हा तुमच्यावर दबाव नाही. नाव घातलं आहे, आणि दोन ओळी परत खाली सरकवल्या आहेत. तुम्ही सही केली नाहीत तर फिल्म दाखवली जाणार नाही, आणि ते बरोबरच होईल. बेबाबाईंना मी समजावीन. कसं, ते अजून ठरवलेलं नाही.

संमतीचा कागद सोबत आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलं आहे.

जितू


शिंदखेडा,
रविवार, २२ मार्च

नईमभाई,

ईद मुबारक. एक दिवस उशिरा लिहितो, कारण काल तोंडी म्हणेन असं वाटलं होतं.

दर ईदला धुळ्याला चाचींकडे शीरखुर्म्याला यायचो. या वेळी जावं की नाही यावर सकाळचे दोन तास गेले. शेवटी आईच म्हणाली, जा एकदाचा, नाहीतर माझं डोकं खाशील.

चाचींनी दार उघडलं. "आ गया? चार महिने कोनसे कुएं में था?"

मी म्हटलं, "चाची, नईमभाई..."

"नईम घर में नहीं है." मग आतल्या खोलीकडे मान वळवून जोरात, "नहीं है ना रे, नईम?"

तुमची चप्पल दारात होती, निळ्या पट्ट्याची. मी ती ओलांडून आत गेलो. शीरखुर्मा खाल्ला. चाची म्हणाल्या, "तेरे चिट्ठ्या पढता है. एक बार पढता, गाली देता, फिर पढता. मेरे को बोला, अम्मी, ये लडका पहले कम लिखता तो अच्छा था." मी विचारलं, गाली कोणती? त्या म्हणाल्या, "ईद के दिन नहीं बोलती."

निघताना टीव्हीजवळ पेन ड्राईव्ह ठेवला. नव्या मास्टरची फाईल आहे, आठही ट्रॅक. पहिल्या दोनमध्ये आता पूर्ण आवाज आहे, गाण्यासकट. तीन ते आठमध्ये सहा बाजूंचा. चाचींना मोठ्याने सांगितलं की शालिग्राम शेठकडे मोठ्या कार्यक्रमांसाठी स्पीकरच्या सहा पेट्या असतात, आणि कोणी त्या गोल मांडून ऐकलं तर बरं होईल, कारण माझ्याकडे दोनच आहेत आणि माझ्या कानांवर माझा विश्वास उरलेला नाही.

चाची म्हणाल्या, "इतना चिल्ला के मत बोल, मैं बहरी नहीं हूँ." आणि हसल्या.

सहीचं मी काही बोललो नाही. तेरा दिवस आहेत.

जितू


शिंदखेडा,
मंगळवार, ३१ मार्च

नईमभाई,

पाकीट मिळालं. आधी त्यात संमतीचा कागद शोधला, तो नव्हता. मंडपाचं एक बिल होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला तुमचं अक्षर. 'प्रिय' नाही, काही नाही. पहिल्या ओळीपासून थेट फिल्ममधल्या वेळा.

'११.४० झोका उजवीकडे, आवाज डावीकडे. मागचे दोन उलटे लावलेस.'

मी तपासलं. सहा बाजूंमधल्या पाच आणि सहा नंबरची अदलाबदल झाली होती. गेले पाच महिने झोका एकीकडे आणि त्याचा आवाज दुसरीकडे जात होता. मी कमीत कमी शंभर वेळा पाहिला असेन.

'१५.२० शेळी फार मोठी. शेळीची फिल्म आहे का?'

कमी केली.

'१९.०५ बेबाबाई श्वास घेते तो कापलास. सगळीकडे कापलेस. परत टाक.'

यावर मी अडलो. नईमभाई, ते श्वास मी मुद्दाम काढले होते, स्वच्छ व्हावं म्हणून. एकेक करून बेचाळीस. अकरा दिवस लागले होते. तुमचं मूळ मुद्रण लावून परत ऐकलं. झोका वर जाताना त्या श्वास धरतात आणि खाली येताना ओळ सोडतात. श्वास काढल्यावर त्या कुठेतरी खोलीत बसून गातात असं वाटतं. श्वास आला की त्या झोक्यावर आहेत. बेचाळीसही परत घातले. दीड दिवसात झाले, मूळ जागा वहीत लिहून ठेवल्या होत्या म्हणून.

आणि शेवटची ओळ: 'आधी हे कर. ऐकीन. मग सही.'

ती ओळ मी आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "म्हणजे करणार का नाही?" मी म्हटलं, ऐकणार.

मास्टर आज दुपारी परत काढला. दोन तास झाले असताना लाईट गेली. इन्व्हर्टर फक्त कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता, त्यामुळे तो चालू राहिला. मी आणि आई पुठ्ठ्याने वारा घेत पडद्यावरची टक्केवारी बघत बसलो. चौऱ्याण्णववर असताना लाईट आली आणि शेजारचं पिठाचं मशीन सुरू झालं, तेव्हा आईने माझा हात धरला. तिला या कामातलं काही कळत नाही, पण घाबरायची वेळ तिला बरोबर कळते.

नंतर आठही ट्रॅक एकेक करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले. आठ वेळा सव्वीस मिनिटं.

उद्या पहाटेच्या बसने चाळीसगावला येतो. पेन ड्राईव्ह आणि हे पत्र शालिग्राम शेठच्या गल्ल्यावर ठेवीन आणि परत फिरेन. तुम्हाला समोर यायची गरज नाही.

जितू


शिंदखेडा,
शनिवार, ४ एप्रिल

नईमभाई,

काल दुपारी चाचींच्या फोनवरून एक फोटो आला. वाकडा काढलेला, कोपऱ्यात त्यांचा अंगठा. मध्ये संमतीचा कागद. माझ्या पेन्सिलच्या फुलीवर बरोबर तुमची सही.

खाली चाचींचा आवाजी निरोप होता. "बोला के बोल, अब ठीक है. आवाज ठीक है बोला. तेरे बारे में कुछ नहीं बोला."

ज्योत्स्ना मॅडमना फोटो चालला, मूळ कागद मागाहून पाठवायचा आहे. हार्ड डिस्क काल संध्याकाळच्या गाडीने धुळ्यातल्या एका माणसाबरोबर मुंबईला पाठवली, कुरिअरवर सोडायची हिंमत झाली नाही. आज साडेचारला त्यांचा अहवाल आला. या वेळी एकच ओळ: 'मास्टर स्वीकारला.' त्याखाली त्यांनी स्वतः लिहिलं आहे, नियमात नसलेलं: 'श्वासांमुळे फार फरक पडला. कोणाची कल्पना?'

मी तुमचं नाव कळवलं. त्यांना ते आता पाठच झालं असेल.

१९ तारखेला मी बेबाबाईंकडे असेन. झोके बांधले आहेत. या, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. सीझन आहे, त्या दिवशी तुमच्याकडे लग्नं असतील.

जितू


बेबाबाईंचं घर,
रविवार, १९ एप्रिल, दुपार

नईमभाई,

हे त्यांच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. कागद त्यांच्या नातीच्या वहीतला आहे.

दहा वाजताच घर भरलं. माहेरी आलेल्या मुली झोका सोडून आत आल्या. भिंतीजवळ, पलंगावर, दारात. बेबाबाईंचा टीव्ही तुम्ही पाहिला आहे, त्याचा एकच स्पीकर चालतो, दुसऱ्यात कधीचा कचरा गेला आहे. मी सहा बाजूंसाठी सहा महिने घातले आणि हे गाव ते एका बाजूने ऐकणार होतं.

बेबाबाई नवं लुगडं नेसून अगदी समोर बसल्या. मला म्हणाल्या, "बठ्ठा गाव दखी राह्यना. आज जर दोरनीच गाणं म्हनं तं तुले त्याच दोरले बांधसू."

अकरा वाजता सुरू झालं. पहिलं गाणं दोन मिनिटं चौदा सेकंदांनी येतं. त्याआधी निंब, दोर, करकर. करकर स्वच्छ येत होती. मला जळगाव आठवलं आणि मी खाली बघितलं. फरशीवर शेंगांची टरफलं होती, ती मोजत बसलो. दोन मिनिटं दहा. अकरा. बारा.

श्वास आला. नईमभाई, आधी श्वास आला. तुम्ही परत घालायला लावलेला पहिला. आणि मग त्यांचा आवाज, त्या एका स्पीकरमधून, पूर्ण.

मग बेबाबाई स्वतःशीच म्हणाल्या, "उना रे मन्हा आवाज." आणि पडद्यावरच्या स्वतःबरोबर हळूच गायला लागल्या. मागून मुलीही. त्यानंतर टीव्हीचा आवाज फारसा ऐकूच आला नाही. एवढं नावं ठेवण्यासारखं प्रसारण झालं नसेल कुठे.

शेवटी नामावली आली. ध्वनिमुद्रणाची ओळ मी मोठ्याने वाचून दाखवली. बेबाबाई म्हणाल्या, "वाचाले काय व्हयनं? आयकू उनं ना. तेच त्यानं नाव."

जाहिराती लागल्या. मुली परत झोक्याकडे गेल्या. मी ओट्यावर आलो आणि खिशात फोन वाजला.

तुमचा नंबर. एक रिंग. बंद.

मी वाट पाहिली. दुसरी आली नाही. दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो, नाही आली. बेबाबाई दारात येऊन म्हणाल्या, "कोन व्हतं? लाव ना उलट फोन."

मी म्हटलं, नाही. एका रिंगला उलट फोन करायचा नसतो.

तुमचा,
जितू